यादीत काबरांचं नाव हवंच
थोर गिटारवादकांची तुमची यादी वाचली. जिमी हेंड्रिक्स थोर, हे तुमचं म्हणणं मान्य. पण वेगावरून क्रम लावणं नाही पटलं. १९२८च्या आगीत जॅझ गिटारवादक जँगो राइनहार्टच्या डाव्या हाताची दोन बोटं निकामी झाली. उरलेल्या दोन बोटांवर तो सोलो वाजवायचा. आणि गिटारवर हिंदुस्थानी राग वाजवणारे ब्रिजभूषण काबरा कुणालाच कसे आठवले नाहीत? गिटार आडवी मांडीवर घेऊन, तारांवरून कांडी सरकवत त्यांनी आलाप उभा केला. बेळगावजवळच्या शहापुरात आमच्या काकांकडे त्यांची कॅसेट होती. रात्री विणायचे माग थांबले की ती लागायची. सूर घसरत नेणारी मींड एका सुरावरून दुसऱ्यावर जाताना मधे कुठंच तुटायची नाही. काका म्हणायचे, “बघ, गळाच की रे हा!” कुमार गंधर्वांचं जन्मगाव सुळेभावी इथून जवळच, आमचे कान गायकीवरच वाढलेले. माझ्या यादीत काबरा पहिल्या तिघांत.