‘इज’ कधी आधी, कधी शेवटी?

रायबंदरच्या धक्क्यावर माझं चहाचं दुकान आहे. चोडणला सलीम अली पक्षी अभयारण्य बघायला जाणारे पर्यटक विचारतात, ‘व्हेअर इज द फेरी?’ दुसरा म्हणतो, ‘डू यू नो व्हेअर द फेरी इज?’ दोन्ही बरोबर कसं? मला हे पक्कं शिकायचंय.

उत्तर १: दोन्ही बरोबरच, ताई. थेट प्रश्नात ‘इज’ कर्त्याच्या आधी येतं. ‘डू यू नो’ लावलं की प्रश्न तिथेच झाला. पुढचं साध्या विधानासारखं ठेवा.

उत्तर २: ‘डिड’ही तसंच. ‘व्हेन डिड द फेरी लीव्ह?’ पण ‘डू यू नो व्हेन द फेरी लेफ्ट?’ ‘डिड’ गेलं, ‘लेफ्ट’ आलं. म्हापशात शिकवणीला मी हीच जोडी आधी मोठ्यानं म्हणून घेतो.

उत्तर ३: उत्तर हो-नाही असेल तर मध्ये ‘इफ’ घाला: ‘डू यू नो इफ द फेरी इज रनिंग?’ अनोळखी माणसाशी हे जास्त अदबीचं वाटतं.