पावसातला पारा एकदा मोजून भागत नाही
वर विचारलंय ना, की पावसातला पारा एकदा लॅबमध्ये तपासला की झालं, वर्षानुवर्षं कशाला मोजायचा, तर एका सॅम्पलवरून खरंच काही कळत नाही हो. धो धो पाऊस झाला की लिटरमागे पारा कमी दिसतो पण पाणीच इतकं पडलेलं असतं की जमिनीवर उतरलेला एकूण पारा जास्त भरू शकतो, म्हणून पाऊस किती पडला तेही सोबत मोजावं लागतं. अमेरिकेत मर्क्युरी डिपॉझिशन नेटवर्क, म्हणजे पावसातून पडणारा पारा मोजणाऱ्या केंद्रांचं जाळं, १९९६ पासून हेच करतंय, पाऊस आला की सेन्सरमुळे झाकण आपोआप उघडतं, थांबला की बंद, आणि बाटली दर आठवड्याला लॅबला. मोजमाप नॅनोग्रॅममध्ये, म्हणजे ग्रॅमच्या अब्जाव्या भागात, त्यामुळे जरा हलगर्जी झाली की सॅम्पल वाया.

हवेतला पारा वेगळा मोजतात, तो वायुरूपात महिनोन् महिने फिरतो, कोळसा एका देशात जळतो आणि पारा पडतो भलतीकडेच. मग तळ्यात त्याचा मिथाइल मर्क्युरी, म्हणजे पाऱ्याचं विषारी रूप, होतो नि माशांतून पोटात जातो, लहान मुलांच्या मेंदूला त्याचा धोका, म्हणून मला हे फार महत्त्वाचं वाटतं. २०१७ला मिनामाटा करार, म्हणजे पाऱ्याचं प्रदूषण रोखायचा आंतरराष्ट्रीय करार, लागू झाला, त्याचा उपयोग होतोय का हे सलग आकडे असतील तरच कळणार, मधली वर्षं मोजायची राहिली तर ती नंतर कुठून आणणार?