विश्वास-अंतराल आलेखात एकमेकांवर चढत असतील, तर दोन मॉडेलच्या गुणांकांत फरक नाही असे म्हणावे का?

प्रश्न

नमस्कार. आर या संख्याशास्त्रीय संगणकभाषेसोबतच येणाऱ्या ‘एमटीकार्स’ या विदासंचावर (३२ मोटारींची माहिती, १९७४ सालच्या एका अमेरिकी मोटार-मासिकातून घेतलेली) मी दोन रिग्रेशन मॉडेल (एक-दोन राशींवरून दुसऱ्या राशीचा अंदाज घेणारी समीकरणे) बसवली आहेत. पहिल्यात मायलेजचा अंदाज केवळ गाडीच्या वजनावरून घेतला आहे आणि दुसऱ्यात वजनाच्या जोडीला अश्वशक्तीही आहे. (आपल्याकडे मायलेजला सर्रास ‘ॲव्हरेज’ म्हणतात, पण संख्याशास्त्राच्या चर्चेत तो शब्द वापरला तर गोंधळच होईल.) वजन दर हजार पौंडांमागे मोजले, तर पहिल्या मॉडेलमध्ये त्याचा गुणांक (वजन हजार पौंडांनी वाढले की मायलेज किती बदलते तो आकडा) −५.३४ येतो आणि ९५ टक्के विश्वास-अंतराल (खरा गुणांक ज्यात असावा असा अंदाजाचा पट्टा) −६.४९ ते −४.२० असा मिळतो. दुसऱ्यात गुणांक −३.८८ आणि अंतराल −५.१७ ते −२.५८ आहे.

हे सगळे एकाच आलेखात दाखवताना दोन अडचणी आल्या. दोन्ही मॉडेलच्या आडव्या रेघा नेमक्या एकावर एक पडतात, आणि अश्वशक्तीचा अंतराल तर शून्याच्या रेषेवर ठिपक्याएवढाच उरतो. दुसरी अडचण अर्थाची आहे. −५.१७ ते −४.२० या पट्ट्यात दोन्ही अंतराल एकमेकांवर येतात, म्हणून दोन गुणांकांत लक्षणीय (म्हणजे निव्वळ योगायोग म्हणून सोडून देता येणार नाही असा) फरक नाही असे आमच्या गटातल्या एका ज्येष्ठ सहकाऱ्यांचे मत पडले. मला ते पटत नाही, पण खोडूनही काढता येत नाही. कृपया मार्गदर्शन करावे.

उत्तर १

आलेखाचे आधी सांगतो, कारण ते सोपे आहे. आरमधल्या ‘ब्रूम’ पॅकेजच्या ‘टायडी’ या आज्ञेने दोन्ही मॉडेलचे गुणांक अंतरालांसह तक्त्यात घ्या, ते तक्ते एकाखाली एक जोडून मॉडेलच्या नावाचा एक स्तंभ द्या, आणि आलेख काढणाऱ्या जीजीप्लॉट पॅकेजमध्ये रेघा काढताना ‘पोझिशन डॉज’ (एकावर एक पडणाऱ्या रेघा थोड्या बाजूला सरकवण्याची सोय) वापरा. बिंदू आणि रेघ वेगवेगळ्या थरांत काढत असाल, तर डॉजची रुंदी दोन्हीकडे एकच ठेवा, नाहीतर बिंदू एकीकडे आणि रेघ दुसरीकडे जाते. स्थिरपद (समीकरणात कशानेही न गुणलेला आकडा) आलेखातून काढून टाका. ते ३७ च्या आसपास असल्यामुळे सगळा अक्ष तेच खाऊन टाकते.

अश्वशक्तीचा अंतराल दिसत नाही तो केवळ एककामुळे. एका अश्वशक्तीमागे −०.०३२ हा आकडा वजनाच्या आकड्यांशेजारी दिसणार तरी कसा? तीच गोष्ट दर १०० अश्वशक्तींमागे मांडली, तर गुणांक −३.१८ आणि अंतराल −५.०२ ते −१.३३ होतो, आणि रेघ वजनाच्या रेघेएवढी ठळक उमटते.

उत्तर २

अर्थाच्या बाबतीत तुमची शंका रास्त आहे, सहकाऱ्यांचा निष्कर्ष नाही. अंतराल एकमेकांना शिवत नाहीत तेव्हा फरक आहे असे सहसा म्हणता येते, पण ते एकमेकांवर आले म्हणजे फरक नाही, हे उलटे विधान खरे नसते. आणि इथे तर गोष्ट त्याहून पुढची आहे, कारण दोन्ही मॉडेल त्याच ३२ गाड्यांवर बसवलेली आहेत आणि त्यामुळे दोन्ही अंदाज एकमेकांपासून स्वतंत्र नाहीत.

दोन गुणांकांतला फरक −१.४७ आहे. दोन्ही गुणांकांच्या प्रमाण त्रुटींचे (प्रमाण त्रुटी म्हणजे अंदाज किती डळमळीत आहे याचे माप; इथे ०.५६ आणि ०.६३) वर्ग मिळवून वर्गमूळ घेतले, तर फरकाची प्रमाण त्रुटी ०.८४ येते आणि फरक लक्षणीय ठरत नाही. पण ही रीत स्वतंत्र अंदाजांसाठी आहे. साध्या रिग्रेशनमध्ये एक नेमकी ओळख लागू पडते: हा फरक म्हणजे अश्वशक्तीचा गुणांक गुणिले अश्वशक्तीचे वजनावरील रिग्रेशन केल्यावर मिळणारा उतार. तो उतार ४६.१६ आहे, म्हणजे हजार पौंड जास्त वजनाची गाडी सरासरी ४६ अश्वशक्तींनी जास्त ताकदीची असते. −०.०३१७७ ला ४६.१६ ने गुणून पाहा, तेच −१.४७ मिळते. वजन आणि अश्वशक्तीच्या नोंदी स्थिर धरल्या, तर फरकाची प्रमाण त्रुटी ०.४२ च येते आणि त्याचा ९५ टक्के अंतराल −२.३२ ते −०.६१ होतो. शून्य त्यात कुठेच नाही.

म्हणून आलेखात दोन रेघांखाली तिसरी रेघ काढा, ती फरकाची. वाचकाचा प्रश्न फरकाबद्दल असेल, तर त्याला दोन रेघांमधली जागा डोळ्यांनी मोजायला लावणे बरे नव्हे.

प्रश्नकर्ता

मनःपूर्वक आभार. ४६.१६ चा गुणाकार हाताने करून पाहिला आणि खरोखरच चकित झालो. एक उपप्रश्न आहे. नोंदी स्थिर न धरता, या ३२ गाड्या हा एक नमुना आहे असे मानायचे असेल तर काय करावे? आणि दोन मॉडेल वेगवेगळ्या विदांवर बसवली असतील, तर काही सोपा नियम आहे का?

उत्तर ३

पहिल्यासाठी बूटस्ट्रॅप, म्हणजे त्याच ३२ गाड्यांतून पुन्हा पुन्हा यादृच्छिक निवड करून (एकच गाडी अनेकदा आली तरी चालते) दर वेळी गणित नव्याने करणे. मात्र प्रत्येक वेळी गाड्यांच्या ओळी एकदाच निवडा आणि त्याच निवडीवर दोन्ही मॉडेल बसवून फरक नोंदवा. दोन मॉडेलसाठी दोन वेगळ्या निवडी केल्या, तर अंदाजांमधला संबंध तुटतो आणि तुम्ही पुन्हा त्या ०.८४ च्या वाटेला लागता. विदा लहान आहे हेही ध्यानात असू द्या. मासेराती बोरा ३३५ अश्वशक्तीची आहे, तिच्यानंतरची गाडी एकदम २६४ वर येते, त्यामुळे अशी एकटी गाडी निवडीत आली की नाही यावर अश्वशक्तीचा गुणांक हलतो. मिळालेल्या फरकांचा हिस्टोग्राम पाहिल्याशिवाय अंतराल लिहू नका.

दुसऱ्यासाठी, विदा खरोखरच स्वतंत्र असतील आणि प्रमाण त्रुटी साधारण सारख्या असतील, तर ९५ ऐवजी सुमारे ८३ टक्क्यांचे अंतराल काढा. ते एकमेकांना शिवले नाहीत, तर ५ टक्के पातळीवर फरक लक्षणीय असतो, आणि शिवले तर नसतो. पण अशा आलेखाखाली टक्केवारी स्पष्ट लिहिलीच पाहिजे, कारण वाचणारा ती ९५ च आहे असे गृहीत धरतो. तुमच्या सध्याच्या आलेखाला हा नियम लावू नका, तिथे फरकाची तिसरी रेघच हवी.