पैशाची अडचण नसती तर घरात कोणकोणते बास ठेवले असते?

बासवाला_दारव्हा

राम राम राजेहो. मी दारव्हा तालुक्यातला कास्तकार. साडेचार एकर वावर आहे अन् लगनसराईत गावच्या बाजात बास वाजवतो. यंदा तेविसावं वर्ष. आमच्याकडे सूसाफोन हे नाव कोणी घेत नाही. अंगात घालून खांद्यावर टेकवायचं हे पितळेचं मोठं वाद्य; बाजातले लोक ‘बास’ म्हणतात, गावातले ‘मोठा भोंगा’.

प्रश्न सरळ आहे. समजा पैशाची अडचण नाही, घरात जागा पण आहे. तर तुम्ही कोणकोणते बास ठेवाल? नुसती नावं नका लिहू, प्रत्येकाचं काम सांगा. भिंतीला टांगून पाहुण्यांना दाखवायचे बास मला नको आहेत.

हे डोक्यात कसं आलं ते सांगतो. दोन वर्षांमागं मार्गशीर्षात दिग्रसकडं वरात होती. थंडी चांगलीच होती. पिस्टनला, म्हणजे बोटानं दाबायच्या खटक्यांना, मी खोबरेल लावत होतो, माझा काका पण तेच लावायचा. रात्री अकराच्या सुमारास तिसरा पिस्टन खाली गेला तो वर येईना. खोबरेल थिजलं होतं. मी थांबलो. बाकीचे तेरा जण वाजवतच होते, ट्रम्पेट, क्लॅरनेट, ढोल, सगळं जोरात. नवरदेवाची आजी घोड्यामागं चालत होती. ती जागेवर थांबली अन् म्हणाली, “काहून रे बाप्पा, बाजा पोकळ काहून झाला?” बास कोणता अन् त्याहून लहान युफोनियम कोणतं हे त्या माउलीला कोणी कधी सांगितलं नसेल. पण खालचा सूर गेला हे तिला कळलं, बाजातल्या दोघातिघांच्या आधी कळलं. मी पिस्टन बाहेर काढला, काखेत धरून गरम केला, बाहीनं पुसून परत बसवला. सूर लागला तशी आजी चालू लागली. तेव्हापासून रोज रात्री मोबाईलवर जगभरातले बास पाहतो, ऐकतो. यादी तिथूनच सुरू झाली.

पहिला माझाच राहील. काकानं २००३ साली कारंज्याच्या एका मोडलेल्या बाजाकडून नऊ हजारांत घेतला होता. माल मेरठच्या जली कोठीचा. कापसाच्या काट्यावर तोलला तर ११ किलो ४०० ग्रॅम भरला. डाव्या खांद्यावर जिथं टेकतो तिथं पॉलिश गेलं आहे अन् पितळ तांबूस पडलं आहे. तो घासा अर्धा काकाच्या खांद्याचा, अर्धा माझ्या. हा संग्रहातून कधी जाणार नाही.

दुसरा, अमेरिकेतल्या एल्कहार्टच्या कॉन कंपनीचा २०के. हा पण सूसाफोनच, पण याचे पिस्टन रुंद अन् आखूड. बोटाला कमी दाबावं लागतं, अन् चार तास वाजवल्यावर बोटाला ते बरोबर समजते. सूसाफोन मुळात सूसा नावाच्या बँडमास्तरच्या सांगण्यावरून बनला. जे. डब्ल्यू. पेपर यांनी १८९० च्या दशकात पहिला केला अन् कॉननं १८९८ साली आपला काढला. तेव्हा भोंग्याचं तोंड आभाळाकडं होतं. आवाज बाजाच्या डोक्यावरून सगळीकडं पसरावा हे सूसाला पाहिजे होतं. लोक त्याला पाऊस झेलणारा म्हणत. तोंड पुढं वळवलेला प्रकार नंतर आला. मला जमलं तर आभाळाकडं तोंड असलेला पण एक पाहिजे. आमच्या गल्ल्या अरुंद आहेत, पुढं फेकलेला आवाज समोरच्या भिंतीवर आदळून परत येते. वर गेलेला कसा ऐकू येईल ते पाहायचं आहे.

तिसरा हेलिकॉन, सूसाफोनच्या आधीचा, अंगात घालून वाजवायचा. त्याचं तोंड बाजूला वर असते.

अन् एक असा, जो विकत घेता येत नाही. शिकागो सिम्फनी या ऑर्केस्ट्राकडं यॉर्क कंपनीचे दोन ट्युबा, म्हणजे मांडीवर घेऊन वाजवायचे बास, आहेत, १९३० च्या दशकात मिशिगनमधल्या ग्रँड रॅपिड्सला बनलेले. अर्नॉल्ड जेकब्स त्यावर वाजवायचे. ते १९४४ पासून १९८८ पर्यंत तिथं होते, अन् त्यांना दम्याचा त्रास होता. आमच्यात कापूस वेचायच्या दिवसांत सगळ्यांचीच छाती धरते, म्हणून हे वाचलं तेव्हा मी तो फोटो कितीतरी वेळ पाहत बसलो. यामाहानं त्या यॉर्कची नक्कल काढली आहे. नक्कल मिळाली तरी मी खूश. घरात मांडी घालून, दार लावून, एकच खालचा सूर दम संपेपर्यंत धरायचा, एवढंच तिचं काम.

रोटरीवाले, म्हणजे पिस्टनऐवजी आत फिरणारे खटके असलेले, जर्मन ट्युबा सुंदर दिसतात, मिराफोनचा १८६ तर फारच. पण यादीत नाही. वरातीत धूळ, जिनिंगजवळून गेलं की रुई उडते. पिस्टन रस्त्यात काढून पुसता येतो, रोटरीचं तसं नाही.

तुमचं सांगा.

फौजी_काटोल

भाऊ, वाचून बरं वाटलं. मी फौजेच्या बँडमध्ये १९ वर्षं ई फ्लॅट बास (ई फ्लॅट हे त्याच्या मूळ सुराचं नाव) वाजवला. पचमढीच्या मिलिटरी म्युझिक विंगमध्ये शिकलो. आता संत्र्याची बाग सांभाळतो.

तुमच्या यादीत एक मोठी उणीव आहे. चौथा खटका कुठं आहे?

तुमच्या बासाला तीन खटके. दुसरा अर्धा सूर उतरवतो, पहिला एक, तिसरा दीड. पहिला अन् तिसरा मिळून अडीच सूर उतरायला पाहिजे, पण उतरत नाही, सूर चढाच राहतो. कारण दोराच्या हिशोबानं समजून घ्या. दहा हात दोराला एक हात जोड दिला तर दोर एक दशांशानं वाढला. आता तोच दोर आधीच बारा हात करून ठेवला अन् त्याला तोच एक हाताचा जोड दिला तर? वाढ कमी पडली. पहिल्या खटक्याची नळी मोकळ्या बासाच्या मापानं कापलेली असते. तिसरा दाबून बास लांब झाला की ती नळी आखूड पडते. तिन्ही दाबले की आणखी वाईट. तुम्ही वरातीत हा सूर ओठ सैल करून खाली ओढत असणार. सगळेच ओढतात. पण ओढलेला सूर बारीक होतो, भरत नाही.

यावर बूझी कंपनीच्या ब्लेकलीनं १८७४ मध्ये उपाय काढला. पहिल्या-तिसऱ्याऐवजी चौथा खटका दाबायचा; तो दाबला की हवा परत एकदा पिस्टनमधून फिरते अन् प्रत्येक खटक्याला थोडी जास्तीची नळी आपोआप मिळते. याला कॉम्पेन्सेटिंग म्हणतात. बेसन कंपनीचा असा ई फ्लॅट मी आमच्या बँडमध्ये वाजवला आहे. पहिल्यांदा खालचा सूर ओढाताण न करता जागेवर बसला तेव्हा मी वाजवता वाजवता मागं वळून पाहिलं, दुसरं कोणी वाजवतं की काय म्हणून.

माझ्या संग्रहात दोनच. हा ई फ्लॅट, अन् बसून वाजवायला एक एफमधला. जगातला पहिला ट्युबा एफमध्येच होता. व्हीप्रेख्ट अन् मोरित्झ यांनी १८३५ साली बर्लिनमध्ये त्याचं पेटंट घेतलं, अन् त्याला पाच खटके होते. म्हणजे तीन खटक्यांनी भागत नाही हे बनवणाऱ्यांना पहिल्या दिवसापासून माहीत होतं. व्हॉन विल्यम्स या इंग्रज संगीतकारानं १९५४ मध्ये खास ट्युबासाठी कॉन्चेर्टो, म्हणजे एक वाद्य पुढं अन् ऑर्केस्ट्रा साथीला अशी रचना, लिहिला, तो एकदा ऐका. बास गातो कसा हे कळेल. मी दुसरा भाग रोज सकाळी बागेत पाणी सोडताना ऐकतो.

हेलिकॉनवर पैसे घालू नका.

पितळवाला_अचलपूर

आमचं भांड्यांचं दुकान, पण वडिलांपासून बाजाची वाद्यं दुरुस्त करतो. पोचे काढणं, डाख लावणं, खटके बसवणं. मेळघाटाच्या पायथ्यापासून अकोल्यापर्यंतचे बाजे येतात.

दारव्हेकर, रोटरीबद्दल तुमचं म्हणणं मला पटत नाही. मी शेकडो बास उघडले आहेत. आत जी घाण सापडते ती रस्त्याची कमी अन् तोंडाची जास्त. पंगतीत जेवून उठता, पान लावता अन् लगेच वाजवायला उभे राहता. बुंदी, वरण, सुपारीचा चुरा, सगळं पहिल्या नळीत बसलेलं असते. त्यात थुंकी मिळाली की पितळ आतून खाते. जेवल्यावर दोन गुळण्या करा, तुमचा बास दहा वर्षं जास्त जगेल. रोटरीचा खरा त्रास वेगळा आहे. तिला काढायला, बसवायला हात लागतो, अन् हातोडी वाकडी बसली की बेअरिंग गेलं.

अन् खोबरेल आजपासून बंद. थिजते हा एक भाग झाला. दुसरा असा की उन्हाळ्यात ते चिकट होऊन पिस्टनवर पिवळा थर धरते, तो घासताना लोक पॉलिश पेपर लावतात अन् पिस्टन बारीक होतो. मग कोणतंही तेल घाला, हवा गळणारच. शिलाई मशीनचं पण जाड पडते. खटक्याचं तेल म्हणूनच जे मिळते तेच घ्या, एक बाटली सीझनभर पुरते.

तुमच्या बासाची एक परीक्षा आजच करा. खटका न दाबता त्या खटक्याची नळी सर्रकन ओढून काढा. बाटलीचं बूच निघाल्यासारखा टप्प आवाज आला तर पिस्टन हवा धरतो. आवाज आला नाही तर गळतो. तिन्हींची करा.

माझ्या संग्रहाचं विचाराल तर मला चांगली वाद्यं नकोच. मला ट्युबाच्या आधीची पाहिजेत. सर्पंट, म्हणजे सापासारखं वळलेलं लाकडी वाद्य, वरून चामडं मढवलेलं. अन् ऑफिक्लाइड, ज्याला सॅक्सोफोनसारख्या चाव्या आहेत. पितळेच्या नळीला इतकी भोकं पाडून त्यावर गाद्या बसवणारा कारागीर कसा काम करत असेल, ते मला हातात घेऊन पाहायचं आहे. वाजवता येत नाही मला. उघडून परत जोडता आलं की झालं.

पुलगावची_बासवाली

मी लिहू की नको विचार करत होते. मी कॉलेजच्या बँडमध्ये आहे, बी.ए. दुसऱ्या वर्षाला. बास कोणी घेत नव्हतं म्हणून मी घेतला. माझं वजन ४६ किलो.

माझ्या संग्रहात एकच: फायबरग्लासचा सूसाफोन. पितळेपेक्षा हलका असतो. आवाज पितळेसारखा नाही असं सगळे म्हणतात, खरंही असेल. पण २६ जानेवारीच्या संचलनात दीड तास उभं राहिल्यावर माझा डावा हात खांद्यापासून बोटांपर्यंत बधिर झाला होता आणि शेवटच्या सलामीला मला बास नीट सावरताच येत नव्हता. हलका असता तर नीट वाजवला असता.

काका, खांद्याला काय लावता तुम्ही? मी ओढणीची घडी करते पण ती घसरते.

बासवाला_दारव्हा

सगळ्यांचे मनापासून आभार. रात्री दोनदा वाचलं.

बेटा, आधी तुझं. ओढणी घसरणारच. पोत्याच्या तागाची चार पदरी घडी कर, वरून जुन्या सतरंजीचा तुकडा शिव अन् ती बासालाच दोन ठिकाणी सुतळीनं बांध, खांद्याला नाही. माझी अशीच आहे. अन् उभं असताना वजन डाव्या पायावर घेऊ नको, दोन्ही पाय थोडे फाकवून उभी राहा. फायबरग्लासचा तुझा विचार मला शंभर टक्के पटला. वरातीत आवाज थोडा कमी भरला तरी सूर जागेवर पाहिजे, अन् बधिर हातानं सूर जागेवर राहत नाही. माझ्या यादीत तो टाकला, आमच्या मास्तरचं वय झालं आहे, त्यांना उपयोगी पडेल.

फौजीसाहेब, दोराचा हिशोब एकदम डोक्यात बसला. तेवीस वर्षं मला वाटायचं माझ्या ओठातच काही कमी आहे. मे महिन्यात ऊन तापलं की सूर आणखी चढते, तेव्हा तर मी पहिला-तिसरा दाबायचं टाळतोच, वरचा सूर घेऊन निभावून नेतो. आता चौथ्या खटक्याचा ई फ्लॅट यादीत दुसऱ्या नंबरवर आला, कॉन खाली गेला. हेलिकॉन मात्र राहू द्या. तो अंगात घातलेल्या माणसाचा फोटो पाहिला तेव्हा कासरा खांद्यावर टाकून वावरात निघालेला माझा काका आठवला. त्याचं कामच तेवढं आहे.

अचलपूरचे भाऊ, परीक्षा केली. रात्रीच केली, घरचे झोपले होते. पहिल्याचा टप्प आला, दुसऱ्याचा पण आला, जरा बारीक. तिसऱ्याचा काहीच नाही. तीनदा ओढला. मग पिस्टन काढून बल्बखाली धरला. खालच्या बाजूला पिवळा थर आहे, तुम्ही म्हणता तसाच, अन् एका बाजूनं पॉलिश पेपरच्या आडव्या रेषा. त्या माझ्या नाहीत, काकाच्या असतील. त्या दिवशी थंडीनं तो अडकला हे खरं, पण आधीपासूनच तो गळत होता अन् मी जास्त दम लावून भरून काढत होतो.

कापसाची दुसरी वेचणी झाली की गाडी भरतो अन् पैसे आले की भोंगा घेऊन अचलपूरला येतो. पिस्टनवर परत थर चढवून मापात आणता येतो का? अन् सोमवारी दुकान उघडं असते का तेवढं सांगा. तुळशीच्या लग्नानंतर पहिली सुपारी आहे, त्याच्या आत पाहिजे.