मदत हवी आहे : मालिशनंतर आईच्या अंगावर काळेनिळे डाग, उरलेली सत्रे घ्यावीत का?

मंजिरी_ठाणे
नमस्कार. आईचे मानेचे आणि खांद्यांचे दुखणे जुने आहे, म्हणून मी तिला घराजवळच्या एका मसाज केंद्राचे दहा सत्रांचे पॅकेज घेऊन दिले. दुसऱ्या सत्राच्या रात्री तिच्या पाठीवर, दोन्ही दंडांवर आणि खांद्यांच्या मागच्या बाजूला काळेनिळे डाग उठले. केंद्रात विचारले असता, "शरीरातील विषारी द्रव्ये बाहेर पडत आहेत, चौथ्या सत्रापर्यंत सगळे थांबेल, तोवर घरी गरम पाण्याच्या पिशवीने शेकत राहा," असे उत्तर मिळाले. पैसे आगाऊ भरलेले आहेत आणि पावतीवर परतावा मिळणार नसल्याचा शिक्का आहे. पुढचे सत्र शनिवारी आहे. मला दोनच गोष्टी हव्या आहेत : हे डाग नेहमीचे आहेत का, आणि सत्रे चालू ठेवावीत का. मालिश चांगली की वाईट यावर कृपया व्याख्यान नको.

कृष्णाकाठचा
ताई, मालिश कोणत्या प्रकारची होती, तेल लावून की कोरडी, हाताने की कोपराने, यांतले आपण काहीच लिहिलेले नाही. आईंचे वयही नाही. तिशीतल्या पैलवानाच्या पाठीवरचा डाग आणि साठीपुढच्या बाईच्या पाठीवरचा डाग या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

अण्णा_निवृत्त
माझे ऐकाल तर हे शहरी केंद्रांचे खूळ सोडा आणि आईंना उरुळी कांचनला घेऊन जा. गांधीजींनी १९४६ साली सुरू केलेला निसर्गोपचार आश्रम आहे. आम्ही उभयता तेथे राहून आलो. पहाटेची प्रार्थना, मातीची पट्टी, तेलाची मालिश, वाफेचे स्नान आणि मोजके जेवण असा दिनक्रम असतो. माझी कंबर तेव्हापासून एकदाही कुरकुरलेली नाही. पुण्याहून सोलापूर रस्त्याने गेल्यास तासाभरात पोहोचता.

स्नायूवेद
मी भौतिकोपचार तज्ज्ञ आहे, म्हणजे ज्याला आपण सगळे फिजिओ म्हणतो तो. मंजिरीताई, व्याख्यान देत नाही, पण काही प्रश्नांची उत्तरे मिळाल्याशिवाय मी "चालू ठेवा" किंवा "थांबवा" असे म्हणू शकत नाही. आई रोज कोणत्या गोळ्या घेतात? मधुमेह आहे का? हाडे ठिसूळ असल्याचे कधी निदान झाले आहे का? हातांना मुंग्या येतात का? डाग दाबल्यावर दुखतात का, आणि ते पहिल्या दिवसापेक्षा पसरले आहेत का? तोपर्यंत गरम शेक मात्र आजच बंद करा. ताज्या डागावर शेक दिल्यास रक्तवाहिन्या रुंदावतात आणि आतला रक्तस्राव वाढू शकतो. पहिले दोन दिवस कापडात गुंडाळलेला बर्फ अधूनमधून दहा-पंधरा मिनिटे ठेवला तर चालतो.

मंजिरी_ठाणे
वय ६६. केंद्राच्या दरपत्रकात चार प्रकार होते, त्यांतला "डीप टिश्यू" म्हणजे खोल दाबाचा प्रकार सर्वांत महाग होता, म्हणून तोच घेतला. तेल लावले होते. आई म्हणते की त्या मुलाने मणक्याच्या दोन्ही बाजूंनी कोपर रोवून वरपासून खालपर्यंत ओढले. दंडावरचे डाग चार बोटांच्या ठशांसारखे ओळीने आहेत. मधुमेह नाही. हाडांची तपासणी केलेली नाही. गोळ्यांचा येथे काय संबंध आहे ते समजले नाही; रक्तदाबाची एक गोळी आहे आणि हृदयाच्या नेहमीच्या आहेत. शनिवारपूर्वी ठरवायचे आहे, एवढे कृपया लक्षात घ्यावे.

इतिहासवेडा
डीप टिश्यूचे मूळ ज्या स्वीडिश पद्धतीत आहे, तिचे श्रेय सर्वत्र पेर हेन्रिक लिंग यांना दिले जाते. परंतु हात लांब फिरवणे, स्नायू मळणे, थापट्या मारणे या क्रियांची आजही वापरात असलेली फ्रेंच नावे रूढ केली ती योहान मेट्झगर या डच डॉक्टरांनी. "स्वीडिश" हे नाव त्यामुळे थोडे फसवेच आहे.

कृष्णाकाठचा
माहिती रंजक आहे, परंतु ती येथे कोणी विचारली होती?

स्नायूवेद
मंजिरीताई, "हृदयाच्या नेहमीच्या" म्हणजे कोणत्या? गोळ्यांच्या पाकिटाच्या मागे बारीक अक्षरांत औषधाचे मूळ नाव असते, ते येथे लिहा. बाकी सगळे बाजूला ठेवा, उत्तर त्या पाकिटावर असण्याची शक्यता आहे.

वैद्य_रमा
मी आयुर्वेदाची पदवीधर आहे. "विषारी द्रव्ये बाहेर पडत आहेत" हे विधान ना आयुर्वेदाचे आहे ना आधुनिक वैद्यकाचे. त्वचेखालच्या केशवाहिन्या फुटून रक्त साकळले, एवढाच त्या डागाचा अर्थ आहे. म्हणूनच तो जांभळ्यावरून हिरवट आणि मग पिवळसर होत साधारण दोन आठवड्यांत विरतो. अभ्यंग म्हणजे अंगात कोपर रोवणे नव्हे. अष्टांगहृदयातील दिनचर्येच्या अध्यायात अभ्यंग रोज करावा असे सांगितल्यावर तो कोणी करू नये हेही लगेच सांगितले आहे : कफाने ग्रस्त असलेल्याने, नुकतेच शोधन, म्हणजे वमन-विरेचनासारखी शरीरशुद्धी, झालेल्याने आणि अजीर्ण झालेल्याने. ज्या शास्त्रात तेल लावण्याआधी पचन विचारतात, त्या शास्त्राच्या नावाची पाटी लावून कोणी दरपत्रक पुढे करत असेल तर ते मला मान्य नाही. आईंना कोमट तिळाच्या तेलाचा हलका अभ्यंग वैद्याच्या देखरेखीखाली द्यावा, असे माझे मत आहे.

स्नायूवेद
वैद्यबाई, आपले पहिले सगळे मान्य. पण गोळ्यांची नावे कळण्यापूर्वीच आपणही हलक्या अभ्यंगाची शिफारस केलीत, हे मला घाईचे वाटते. शिवाय मानेच्या जुन्या दुखण्याला नुसते तेल पुरणार नाही. बळकटीचे व्यायाम, बसण्याची पद्धत आणि उशीची उंची यांकडे पाहावे लागेल. मालिशने आखडलेला स्नायू काही काळ सैल होतो, दुखणे कमी जाणवते, झोपही बरी लागते. परंतु कमकुवत स्नायू त्याने बळकट होत नाही.

वैद्य_रमा
शिफारस देखरेखीखालच्या उपचाराची होती, ते वाक्य पुन्हा वाचावे. आणि व्यायामाचा छापील कागद हातात देऊन दहा मिनिटांत रुग्ण बाहेर काढणारे फिजिओही मी पाहिले आहेत.

सातारी_सुमन
आमच्याकडे पाठीत उसण भरली की गावातल्या पायाळू माणसाला बोलावून पाठीला हळूच पाय लावून घेत असत. माझ्या सासूबाईंना त्याने गुण आल्याचे त्या सांगत. बाळंतपणात मला शेकायला आणि बाळाला न्हाऊमाखू घालायला येणाऱ्या मावशींचा हात असा होता की तेल अंगात कधी मुरले हे कळतही नसे. अशी माणसे आता मिळत नाहीत, हे खरे दुखणे आहे.

मंजिरी_ठाणे
पाकीट पाहिले. ॲस्पिरिन ७५ आणि क्लोपिडोग्रेल ७५ असे लिहिले आहे. मागच्या हिवाळ्यात तिची अँजिओप्लास्टी झाली, तेव्हा एक स्टेंट बसवला. आता ती ठणठणीत आहे, रोज फिरायला जाते, म्हणून ते लिहिण्याचे कारण दिसले नाही. या गोळ्यांमुळेच डाग येत असतील तर चार-पाच दिवस गोळ्या बंद ठेवून उरलेली सत्रे आटोपून घेतली तर चालेल का? पैसे तरी वाया जाणार नाहीत.

स्नायूवेद
नाही. अजिबात नाही. इतर सर्वांचे लिहिणे थांबवून ही एक गोष्ट वाचा. स्टेंट बसवल्यावर या दोन गोळ्या दिल्या जातात, त्या रक्तबिंबिका (प्लेटलेट्स) एकमेकींना चिकटून स्टेंटमध्ये गुठळी होऊ नये म्हणून. त्या स्वतःच्या मनाने एक दिवसही बंद करायच्या नसतात; गुठळी झाली तर थेट हृदयविकाराचा झटका येऊ शकतो. कधी थांबवायच्या, दोनाची एक कधी करायची, हे फक्त हृदयरोगतज्ज्ञ ठरवतील.

आता आपल्या मूळ प्रश्नांची उत्तरे. या गोळ्या घेणाऱ्या व्यक्तीला खोल दाबाची मालिश दिल्यावर असे डाग येणे अनपेक्षित नाही, पण म्हणून ते "नेहमीचे" समजून पुढे जायचे नसते. शनिवारचे सत्र रद्द करा. डाग फुगत किंवा पसरत असतील, शौचास काळी होत असेल, लघवीत किंवा हिरड्यांतून रक्त येत असेल, किंवा अचानक तीव्र डोकेदुखी झाली तर वाट न पाहता रुग्णालयात न्या. असे काही नसले तरी डाग उद्या डॉक्टरांना दाखवा आणि गोळ्यांचे पाकीट सोबत ठेवा.

वैद्य_रमा
या मुद्द्यावर माझा आणि स्नायूवेद यांचा काडीचाही मतभेद नाही. हृदयरोगतज्ज्ञांचे म्हणणे कळेपर्यंत मी सुचवलेला अभ्यंगही करू नये.

मृण्मयी_टोरांटो
मंजिरीताई, गोळ्यांचा संबंध तुम्हाला ठाऊक नसणे स्वाभाविक आहे. तो विचारणे हे केंद्राचे काम होते. मी ओंटारियोमध्ये राहते. येथे १९९१ पासून मसाज थेरपीचा स्वतंत्र कायदा आहे आणि नोंदणी असल्याशिवाय स्वतःला मसाज थेरपिस्ट म्हणवता येत नाही. पहिल्या भेटीत हात लावण्यापूर्वी आरोग्याचा अर्ज भरून घेतात : औषधे, शस्त्रक्रिया, गुठळीचा पूर्वेतिहास, गर्भारपण, त्वचेचे आजार, ॲलर्जी. मग कोणत्या भागावर काय करणार हे सांगून संमती घेतात आणि ती मध्येच मागे घेता येते. थेरपिस्ट खोलीबाहेर गेल्यावर आपण हवे तेवढेच कपडे काढून चादरीखाली पडायचे. ज्या भागावर काम चालू आहे तेवढाच उघडा करतात. दाब कितपत आहे हे ते अधूनमधून विचारतात. दाब दहापैकी सातच्या वर जाऊन श्वास अडकू लागला तर मी तसे सांगते, आणि कोणी त्याचे वाईट वाटून घेत नाही. आपल्याकडे "सहन केले तर गुण येतो" असे मानतात, ते मला पटत नाही.

कृष्णाकाठचा
सगळा दोष केंद्राचा कसा? अँजिओप्लास्टी झाली आहे हे आपण होऊन सांगायला नको का? गिऱ्हाईक स्वतःच लपवत असेल तर मालिश करणाऱ्याला ते स्वप्नात दिसणार आहे का?

मृण्मयी_टोरांटो
लपवणे आणि कोणी न विचारल्यामुळे न सांगणे यांत फरक आहे. आईंनी खांद्यासाठी पैसे भरले. हृदयाचा विषय तेथे निघावा असे त्यांना का वाटेल?

स्नायूवेद
भारतात मालिश करणाऱ्यांसाठी डॉक्टरांसारखी सक्तीची नोंदणी नाही. कोणी अनेक महिन्यांचे प्रशिक्षण घेतलेले असते, तर कोणी चार दिवस बघून शिकलेले असते, आणि पांढरा डगला दोघांच्याही अंगावर सारखाच दिसतो. म्हणूनच येथे गिऱ्हाइकाने न विचारता सांगावे, असे मी म्हणतो. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या, ठिसूळ हाडे, अलीकडची शस्त्रक्रिया, अंगातला ताप आणि फुगलेल्या नसा यांचा उल्लेख तर हवाच. एकाच पायाची पोटरी सुजून गरम लागत असेल तर मालिश मुळीच करू नये. शिरेत गुठळी असेल तर ती सुटून फुप्फुसात जाऊ शकते, तेव्हा आधी डॉपलर तपासणी, म्हणजे शिरांतला रक्तप्रवाह पाहणारी सोनोग्राफी, करावी. मधुमेहाने तळव्यांची संवेदना गेली असेल तर गरम पोटलीने भाजलेलेही कळत नाही. आणि केशकर्तनालयात दाढीनंतर मान कडकन मोडून घेण्याची हौस कोणाला असेल तर ती सोडावी. त्या झटक्याने मानेतल्या रक्तवाहिनीला इजा होऊ शकते.

अण्णा_निवृत्त
उरुळीला हे सगळे विचारतात. दाखल होतानाच डॉक्टर तपासतात.

ग्राहकमित्र
आता पैशांचे. परतावा नाही असा शिक्का मारला म्हणून कायदा संपत नाही. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार सदोष सेवा बंद करून बिलात दिलेल्या मुदतीत, आणि मुदत दिली नसेल तर तीस दिवसांत, पैसे परत न करणे ही अनुचित व्यापारी प्रथा ठरते. प्रथम केंद्राला लेखी पत्र द्या, ईमेलही चालेल. त्यात आरोग्याची चौकशी न करता खोल दाबाची मालिश दिली हे लिहा, तारखेसह डागांची छायाचित्रे आणि डॉक्टरांचा कागद जोडा. नंतर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवा. पुढे जिल्हा ग्राहक आयोगात जायची वेळ आली तर पाच लाखांपर्यंत मोजलेल्या रकमेच्या तक्रारीला शुल्क लागत नाही. वकील सक्तीचा नाही.

मंजिरी_ठाणे
आज डॉक्टरांना दाखवले. रक्ताची तपासणी सांगितली आहे, गोळ्या आहेत तशाच चालू ठेवायच्या आहेत आणि डाग पूर्ण जाईपर्यंत कोणतीही मालिश करायची नाही. मानेसाठी फिजिओकडे पाठवले आहे. केंद्राला फोन केला तेव्हा काउंटरवरच्या मुलीने उरलेली आठ सत्रे "तुमच्या नावावर वळवून देते, तुम्ही फेशियल घ्या," असे सुचवले. मला फेशियल नको, पैसे हवे आहेत. ग्राहकमित्र, पत्राचा मसुदा मिळेल का? आणि नौपाड्यात घरी येणारे फिजिओ कोणाच्या माहितीत आहेत का?

स्नायूवेद
नाव सुचवणे मला योग्य वाटत नाही. ज्यांना बोलवाल त्यांना पदवी आणि राज्य परिषदेचा नोंदणी क्रमांक विचारा. पहिल्या भेटीत ते बोलण्यात आणि तपासण्यात अर्धा तास घालवत असतील तर माणूस बरा आहे असे समजा. थेट यंत्र लावून बसले तर दुसरे शोधा.

सातारी_सुमन
फेशियल घेऊन टाका ना, निदान काहीतरी पदरात पडेल.

ग्राहकमित्र
फेशियल मुळीच घेऊ नका. पर्यायी सेवा स्वीकारली की परताव्याची मागणी कमकुवत होते. मसुदा देतो, पण त्याआधी सांगा : पावती कोणाच्या नावावर आहे, आपल्या की आईंच्या? पैसे रोख दिले की कार्डाने? आणि पहिल्या दिवशी कोणत्याही कागदावर सही घेतली होती का? बऱ्याच केंद्रांत चपला काढतानाच एक कागद पुढे करतात आणि तो कोणी वाचत नाही.