मदत हवी आहे: एमटीबीच्या (डोंगरी सायकलच्या) ब्रेकची वायर आणि आउटर (वायरवरची नळी) बदलायचं आहे, नेमकं कुठलं घेऊ?

टेकडीवरची

नमस्कार मंडळी. बरेच दिवस नुसती वाचत होते, आज गरज पडली म्हणून लिहिते आहे. लांबण लागली तर सांभाळून घ्या.

पाच वर्षं जुनी हार्डटेल (फक्त पुढे शॉक असलेली) सायकल आहे. २७.५ इंची चाकं, दोन्हीकडे वायरवर चालणारे डिस्क ब्रेक, रोटर (चाकाबरोबर फिरणाऱ्या चकत्या) १६० मिमीचे. राहायला कोथरूडला, त्यामुळे आठवड्यातून दोन-तीनदा वेताळ टेकडी आणि जमलं तर महिन्यातून एकदा सिंहगड. चढताना रडतखडत का होईना पोचते. उतरताना मात्र आता पोटात गोळा येतो.

मागचा ब्रेक: लिव्हर पार मुठीला टेकते, तरी गाडी आपल्या सवडीने थांबते. सोडल्यावर लिव्हर लगेच परतही येत नाही, बोटाने ढकलावी लागते. वायर-आउटर गाडीबरोबर आलेलंच आहे, कधी बदललेलं नाही. पाच पावसाळे झाले.

पुढचा ब्रेक: गेल्या महिन्यात घराजवळच्या दुकानात नवीन वायर आणि आउटर टाकून घेतलं. पहिले दोन आठवडे मजा आली. आता तोही मऊ पडलाय. दुकानदार म्हणाले, "नवी वायर ताणते मॅडम, परत टाइट करून देतो." दोनदा टाइट केली.

आता दोन्हीकडचं स्वतः बदलायचं ठरवलंय. पण ऑनलाइन बघितलं तर डोकं गरगरलं. ४ मिमी, ५ मिमी, टेफ्लॉन, स्टेनलेस, कम्प्रेशनलेस, शंभर रुपयांपासून दोन हजारांपर्यंत. यातलं मला खरंच काय लागेल? आणि घरी जमण्यासारखं आहे का? एलन कीचा (षटकोनी चाव्यांचा) संच आणि साधी पक्कड आहे.

अर्धवट मेकॅनिक

पॅड (रोटरला दाबून धरणारे ब्रेकचे तुकडे) संपले असतील, वायरवर खर्च करू नका. आणि एकदाच काय तो खर्च करून हायड्रॉलिक (वायरऐवजी तेलाच्या दाबावर चालणारे) ब्रेक टाका, कटकट मिटेल. तोवर आउटरमध्ये डब्ल्यूडी-४० स्प्रे मारा, वायर मोकळी होईल.

रत्नाग्रीकर

अहो, डिस्कच्या आसपास तो स्प्रे मारायला सांगू नका! एक तुषार पॅडवर गेला की पॅड कचऱ्यात. मी केलाय हा उद्योग. पुढे आठवडाभर ब्रेक दाबला की गाडी गाढवासारखी ओरडायची आणि थांबायची नाहीच.

टेकडीवरची

पॅड मार्चमध्येच बदललेत, भरपूर जाडी शिल्लक आहे. हायड्रॉलिकचं बजेट यंदा नाही. स्प्रे मारला नाहीये, वाचले.

गंजका स्पोक

हायड्रॉलिक बाजूला ठेवा. चांगल्या वायरवर हे ब्रेक सिंहगड उतरायला पुरेसे आहेत, मी बारा वर्षं उतरतोय.

आधी दोष कुठे आहे ते पाहू. लिव्हर दगडासारखी कडक लागते पण गाडी थांबत नाही, असं असेल तर पॅडला किंवा रोटरला तेल लागलेलं असतं. लिव्हर स्पंजासारखी दबत जाऊन मुठीला टेकते, तेव्हा जोर वाटेत कुठेतरी गळतोय. तुमचं दुसऱ्या प्रकारातलं दिसतंय. एक करा. कुणाला तरी लिव्हर जोरात दाबायला सांगा आणि तुम्ही आउटरकडे बघा. वळणं हलतात का, सरळ व्हायला बघतात का? मग कॅलिपरचा (रोटर चिमटीत पकडणाऱ्या भागाचा) छोटा दांडा किती फिरतो ते बघा. हे दोन्ही ब्रेकना करा.

शिवाय पुढच्या नव्या आउटरची दोन्ही टोकं जरा नीट न्याहाळा. आउटर किती जाड आहे? दोन आठवड्यांत मऊ पडलं हे मला खटकतंय.

टेकडीवरची

भावाला लिव्हरवर बसवलं आणि टॉर्च घेऊन बघितलं.

मागे: आउटर चांगलंच हलतं, सीटखालचं वळण तर श्वास घेतल्यासारखं फुगतं. दांडा थोडासाच फिरतो.

पुढे: आउटर मागच्यापेक्षा बारीक आहे. मोजपट्टीने साधारण ४ मिमी, मागचं ५. आणि आउटरच्या टोकावरची, लिव्हरच्या बाजूची कॅप काढली तर आतून चार-पाच बारीक तारा केरसुणीसारख्या बाहेर आल्यात. हँडलजवळच्या वळणावर वरचं काळं प्लास्टिक फुगलंय, एक बारीक चीरही दिसतेय. हे नॉर्मल आहे का?

गंजका स्पोक

नाही. आधी हे वाच आणि तोवर गाडी भिंतीला टेकवून ठेव. (अरे-तुरेवर आलो, राग मानू नकोस. माझी मुलगी तुझ्याच वयाची असेल.)

ते ब्रेकचं आउटर नाहीच. गिअरचं आहे.

दोन्ही बाहेरून सारखी दिसतात, काळी नळी. आतली रचना वेगळी. ब्रेकच्या आउटरमध्ये पोलादी पट्टी स्प्रिंगसारखी गोल-गोल गुंडाळलेली असते. गिअरच्या आउटरमध्ये बारीक तारा लांबीच्या दिशेने एकमेकींशेजारी उभ्या असतात, शेवयांच्या जुडीसारख्या. गिअरला प्रत्येक खटक्याला अगदी नेमकी खेच लागते, आणि उभ्या तारा दाबाखाली आखूड होत नाहीत, म्हणून ती रचना. पण त्या जुडीला धरून ठेवतं कोण? फक्त वरचं प्लास्टिक. गिअरच्या वायरवर ताण कमी असतो, तिथे निभतं. ब्रेक करकचून दाबला की लिव्हरच्या तरफेमुळे हाताच्या जोराच्या कितीतरी पट ताण वायरवर येतो आणि तेवढाच दाब आउटरवर. मग तारा कॅप फोडून बाहेर येतात, नाहीतर वळणावर प्लास्टिक फाडतात. तुझ्याकडे दोन्ही सुरू झालंय. पूर्ण फाटलं की लिव्हर एका क्षणात रिकामी जाते. आणि ती वेळ बरोबर उतारावर, सगळ्यात जोरात दाबशील तेव्हाच येते.

तेव्हा वायर ताणली वगैरे काही नाही, आउटर विस्कटत होतं. प्रत्येक वेळी टाइट केल्यावर दोन दिवस बरं वाटायचं ते त्यामुळेच.

टेकडीवरची

बापरे. मागच्या रविवारी याच गाडीवर सिंहगड उतरलेय. घामच फुटला वाचून. काका, राग कसला, अरे-तुरेच करा.

मग आता काय घेऊ ते सरळ सांगा.

गंजका स्पोक

आतली वायर: ब्रेकचीच, स्टेनलेस, १.५ किंवा १.६ मिमी. गिअरची १.२ किंवा त्याहून बारीक असते. मुंडी बघून घे. एमटीबीच्या लिव्हरला ढोलकीसारखी आडवी मुंडी लागते, रोड बाइकची पेरूसारखी निमुळती असते. काही वायरींना दोन टोकांना दोन मुंड्या असतात, त्यातली नको ती कापून टाकायची. मागच्यासाठी दोन मीटरची घे, पुढे मीटरभर पुरते.

आउटर: पुढे साधं ५ मिमीचं, आत टेफ्लॉनची नळी असलेलं. शिमानो किंवा जॅगवायर कंपनीचं, बास. मागे मात्र जमलं तर कम्प्रेशनलेस ब्रेक आउटर घे. यातही तारा उभ्याच असतात, पण त्यांच्याभोवती मजबूत वेढा असतो, त्यामुळे आखूडही होत नाही आणि फुटतही नाही. पाकिटावर ब्रेकसाठी असल्याचं छापलेलं असलंच पाहिजे, नाहीतर पुन्हा तोच घोळ.

मागेच का? साध्या आउटरमधली पट्टी स्प्रिंगसारखी, दाबली की वेढ्यांमधली फट मिटते. पुढे पाऊण मीटर लांबीत ते जाणवत नाही. मागे दीड मीटर आणि चार वळणं, तिथे तुझ्या बोटांचा निम्मा प्रवास फटी मिटवण्यातच जातो. ते वळण श्वास घेतं म्हणालीस ना, तेच हे.

रत्नाग्रीकर

काकांशी सहमत, एक भर घालतो. वायर "स्टेनलेस" लिहिलेलीच घ्या. आमच्याकडे खारा वारा, साधी जस्ताचा मुलामा दिलेली वायर एका पावसाळ्यात तपकिरी होते. मागच्या कॅलिपरपाशी आउटरचा जो खालचा वळसा असतो तिथेच पाणी साचतं आणि वायर तिथेच धरते. तुमची लिव्हर परत येत नाही, त्याचं कारण तिथे सापडेल बघा. कॅलिपरच्या तोंडावरचं रबरी टोपण हरवलं असेल तर तेही आणा. दहा-वीस रुपयांची वस्तू, पण चिखल आत जात नाही.

टेफ्लॉनच्या नळीत तेल घालू नका असं म्हणतात, धूळ धरते. पुण्यात ते ठीक असेल. मी इथे वायरला पातळ सिलिकॉन ग्रीसचं बोट पुसून घेतो.

गंजका स्पोक

कोरडीच घाल. सिंहगडच्या वाटेवरची लाल माती आणि ग्रीस मिळून पॉलिश पेपर होतो. रत्नागिरीचं रत्नागिरीत.

अर्धवट मेकॅनिक

बरं, माझा स्प्रे मागे घेतो. पण साध्या पक्कडीने आउटर कापू नका एवढं मलाही कळतं. चपटं होतं.

गंजका स्पोक

हे अगदी खरं. सगळ्या कामात मेहनत कापण्यातच आहे, बाकी नट-बोल्ट. केबल कटर विकत घे किंवा कुणाचा तरी माग, पण धारेचा. जुन्या आउटरच्या मापानेच नवीन काप. मात्र पुढचं माप त्या दुकानदाराचं घेऊ नकोस. हँडल दोन्हीकडे पूर्ण फिरवून बघ, कुठेही ताठ होता कामा नये. कम्प्रेशनलेस जरा ताठर असतं, त्याला हँडलजवळ मोठं, सैल वळण दे.

कापताना आत जुन्या वायरचा तुकडा घालून ठेवायचा, म्हणजे नळी चेपत नाही. तो तुकडाही कापला जाईल, जाऊ दे. मग टोक कानसीने घासून अगदी सपाट कर. साध्या आउटरमध्ये पट्टीचं टोक वाकडं राहिलं तर ते वायरला खरवडत राहतं. आतली टेफ्लॉनची नळी कापताना मिटते, ती दाभणाने किंवा घासून टोकदार केलेल्या जुन्या स्पोकने उघडायची. शेवटी ५ मिमीची कॅप. टोक कॅपच्या तळाला टेकलं पाहिजे.

वायर बांधण्याआधी लिव्हरवरचा आणि कॅलिपरवरचा अॅडजस्टर (वायरचा ताण कमी-जास्त करायचा स्क्रू) जवळजवळ पूर्ण आत फिरवून ठेव, एखादा आटा बाहेर. वायर हाताने ताठ ओढायची, पण कॅलिपरचा दांडा जागचा हलू द्यायचा नाही. हे महत्त्वाचं. बरेच जण पॅड जवळ आणायला दांडाच अर्धा फिरवून वायर बांधतात. मग दांड्याचा कोन बिघडतो आणि जोर कमी लागतो. पॅड जवळ आणायचा तो कॅलिपरवरच. तुझ्या ब्रेकमध्ये बाहेरचा पॅड सरकतो आणि रोटरला आतल्या पॅडवर दाबतो. आतला पॅड स्थिर असतो, त्याला एलन कीने सरकवता येतं. तो रोटरला घासणार नाही इतपत अगदी जवळ आण. पॅड झिजतील तसं हे अधूनमधून करावं लागतं. दुकानात सहसा कुणी करत नाही, वायर टाइट करून मोकळे होतात.

वायर पकडणारा बोल्ट ६ ते ८ न्यूटन-मीटर. टॉर्कचा पान्हा नसेल तर छोट्या एलन कीने मनगटाच्या जोरात घट्ट, लोंबकळायचं नाही. मग लिव्हर दहा-पंधरा वेळा जीव खाऊन दाब. कॅपा जागेवर बसतात, थोडी ढील येते, ती काढून परत बांध. ही ढील एकदाच येते. नंतरही येत राहिली तर समजायचं, काहीतरी चुकतंय. वायर दोन-तीन सेंटिमीटर सोडून काप आणि लगेच तिच्या टोकावर टोपी दाब, नाहीतर पुढच्या वेळी उसवलेल्या तारा सावरत बसशील.

पहिली फेरी सोसायटीच्या आवारात. टेकडी नाही.

टेकडीवरची

काका, हे छापून भिंतीला लावते. सामान मागवलंय, आलं की कळवते.

टेकडीवरची (नऊ दिवसांनी)

झालं! दोन संध्याकाळी लागल्या. पहिली सगळी कापण्यात गेली, दाभण आईच्या शिवणाच्या डब्यातलं पळवलं. मागची जुनी वायर ओढली तर अर्ध्यात अडकली. रत्नाग्रीकर, तुम्ही म्हणालात तिथेच, कॅलिपरआधीच्या वळशात, पाच सेंटिमीटर चॉकलेटी गंज. शेवटी आउटरसकट कापून काढली.

मागचा ब्रेक आता कसा लागतो सांगू? लिव्हर मुठीच्या अर्ध्या वाटेवर थांबते आणि तिथेच राहते. पहिल्यांदा दाबला तेव्हा सवयीने पूर्ण जोर लावला आणि मागचं चाक आवारात फरपटत गेलं. वॉचमनकाका हसले.

एक चूक केली. पुढचा आतला पॅड फार जवळ आणला, अर्धा दिवस घासत होता. पाव फेरा मागे घेतल्यावर गप्प झाला.

गंजका स्पोक

शाब्बास. ते गिअरचं आउटर टाकू नकोस. छोटे तुकडे करून ठेव, पुढे कधी मागच्या डिरेलरला (गिअर बदलणाऱ्या भागाला) लागेल. चिरलेला भाग मात्र काढून टाक.

टेकडीवरची

उशीर झाला, ते दुकानात ठेवून आले! भांडायला गेले नव्हते. चिरलेला तुकडा आणि नव्या ब्रेक आउटरचा उरलेला तुकडा काउंटरवर शेजारी शेजारी ठेवले. दुकानदार आधी म्हणाले, "सगळ्यांना हेच बसवतो, कुणाची तक्रार नाही." मग चष्मा लावून दोन्ही टोकं बराच वेळ बघितली. आतून काळा रोल आणला. त्यावर काहीच छापलेलं नव्हतं, होलसेलवाल्याकडून तसाच येतो म्हणे. त्यातला इंचभर कापला तर आत शेवयांची जुडी.

आत एका लहान मुलाची सायकल ब्रेकच्या वायरीसाठी उलटी टांगलेली होती. मी निघाले तेव्हा तिचं आउटर काढायला त्यांनी दुकानातल्या पोराला सांगितलं होतं.