मदत हवी आहे: गास्केट जाड केलं तरी डस्ट कलेक्टरच्या दारातून हवा शिरतेच

रात्रपाळी
नमस्कार मंडळी. आमच्या बॅग फिल्टरच्या (कापडी पिशव्यांतून धूळ गाळणारा डस्ट कलेक्टर) बाजूला एक तपासणीचं दार आहे. ६०० बाय ९०० मिमी, ३ मिमीचा सपाट पत्रा. एका कडेला दोन साध्या बिजागऱ्या, समोरच्या कडेला मध्यापासून थोडं वर-खाली दोन आयबोल्ट (टोकाला कडी असलेले बोल्ट) आणि हँडनट (हाताने फिरवायचे नट). फॅन चालू असताना आत साधारण २०० मिमी वॉटर कॉलम (पाण्याच्या स्तंभाच्या उंचीत मोजलेला दाब) सक्शन असतं. हवा दमट, ९० अंशांच्या आसपास. तेलाचा अंश नाही.

हँडनटच्या बाजूच्या वरच्या-खालच्या कोपऱ्यांतून शिट्टी वाजते. चौकटीच्या आतल्या कडेला गंज चढलाय, तिथे धूळ ओली होऊन थापली जाते. हुडवरची (जिथून धूळ आत ओढली जाते ते तोंड) ओढही कमी झाली आहे. जुनं १० मिमीचं स्पंज गास्केट (दार आणि चौकटीतली फट बुजवणारी पट्टी) चपटं झालं म्हणून ठेकेदाराने १५ मिमीचं लावलं, तर शिट्टी आणखी वाढली. आता हँडनटला पाईप लावून आवळावं लागतं. नवीन दार करायला मंजुरी आहे, पण हेच दार पुन्हा करून काय मिळणार? ड्रॉइंगमध्ये नेमकं काय बदलायला सांगू?

झटपट_उपाय
चारही बाजूंनी सिलिकॉन सीलंट मारा. विषय संपला.

पत्रेवाला
संपतो खरा, कारण मग ते दार कुणी उघडतच नाही आणि फाटलेली बॅग आत तशीच लोंबत राहते. तपासणीचं दार उघडायला सोपं नसेल तर ते नुसतं भोक आहे, बुजवलेलं.

रात्रपाळी, दोष गास्केटचा नाही, बिजागरीचा आहे. साध्या बिजागरीची पिन एका जागी ठाम असते, त्यामुळे दार चौकटीवर सरळ न टेकता कात्रीसारखं मिटतं. बिजागरीकडचं गास्केट आधी चिरडतं आणि समोरची कड तरंगत राहते. जाडी वाढवली की हे आणखी बिघडतं, कारण पिनची जागा १० मिमीच्या हिशेबाने ठरलेली आहे. फॅन बंद करून ते गास्केट बोटाने दाबून बघा. बिजागरीकडे कडक आणि चपटं, समोर जवळपास नव्यासारखं लागेल.

नवीन दाराच्या बिजागरीत पिनचं भोक लंबगोल करा. दार आधी सैल मिटेल आणि मग सगळ्या बाजूंनी सारखं दाबलं जाईल. त्यासाठी बिजागरीच्या बाजूलाही आयबोल्ट हवेत. दोन्ही उभ्या कडांना प्रत्येकी दोन, आणि ते कोपऱ्यांजवळ.

आकडेमोड
पत्रेवाल्यांशी सहमत, पण कोपऱ्यांचं कारण वेगळंही आहे. २०० मिमी म्हणजे जवळपास २००० पास्कल. दाराचं क्षेत्रफळ ०.५४ चौरस मीटर. गुणाकार करा: सुमारे १०८० न्यूटन, म्हणजे ११० किलोच्या आसपास वजन सतत दारावर बसलेलं आहे, बाहेरून आत दाबणारं. सपाट पत्र्याचं पोट आत जातं आणि कोपरे वर उचलतात. कडांवर टेकलेल्या कुठल्याही सपाट पत्र्याचं असंच होतं. तुमची शिट्टी कोपऱ्यांतच का, हे त्यातून कळतं.

जाड पत्रा घ्या असं मी म्हणणार नाही, दार उगाच जड होईल. चारही कडा २५-३० मिमी काटकोनात वळवा आणि मागे आडवी एक पट्टी द्या. ३ मिमीतच ताठ होईल.

जाता जाता: फॅन चालू असताना ते ११० किलो ओढून कुणी दार उघडत नाही, पहारीने उचकटतात. तुमच्या दाराची कड एखाद्या ठिकाणी वाकलेली असेल तर कारण हेच. फॅन बंद करून, त्याच्या स्विचला लॉक लावून, तो पूर्ण थांबल्याशिवाय हँडनटला हात लावायचा नाही हे तिथेच पाटीवर लिहा.

तेलकट_हात
मी मेंटेनन्सवाला, माझे मुद्दे सुटे सुटे.

गास्केट दारावर चिकटवा, चौकटीवर नाही. चौकटीवर धूळ बसते आणि पुढच्या वेळी ती रबरात रुतते. चौकटीची खालची कड आत उतरती ठेवा. गास्केट जिथे टेकतं तिथे सपाट पट्टीऐवजी पातळ उभी कड दिली तर कमी जोरात जास्त दाब मिळतो, पाईप लावायची गरज राहत नाही.

थांबे हवेतच. १० मिमीच्या स्पंजला चौकटीवर ७ मिमीचे लोखंडी ठोकळे द्या. दार ठोकळ्यावर टेकलं की आवळणं संपलं, मग कितीही ताकदवान माणूस येऊ दे. स्पंज कायमचा चपटा होतो तो बहुतेक जास्त आवळल्यामुळेच.

गास्केट बंद पेशींचं (आतले बुडबुडे एकमेकांना न जोडलेले) ईपीडीएम रबर घ्या, ९० अंश आणि दमट हवा त्याला चालते. तेल असतं तर नायट्राइल रबर म्हटलं असतं. सिलिकॉन दोनशे अंश सोसतं, पण स्पंज पटकन फाटतो, इथे उगाच. जोड कोपऱ्यात किंवा खालच्या कडेला नको. उभ्या कडेवर घ्या, तिरका कापून.

स्टेनलेसच्या बोल्टवर स्टेनलेसचा नट असेल तर आटे धरतात आणि शेवटी कटर लागतो. नट पितळी ठेवा.

रात्रपाळी
मनापासून आभार. गास्केट दाबून पाहिलं, अगदी पत्रेवाल्यांनी सांगितलं तसंच आहे. पहारीची खूणही सापडली, आकडेमोड! एक विचारू का, चौकट जुनीच ठेवली तर चालेल?

पत्रेवाला
आधी सुतळीने तपासा. चौकटीच्या समोरासमोरच्या कोपऱ्यांना दोन सुतळ्या तिरप्या ताणा, एकमेकींना छेदतील अशा. मध्ये फट राहिली, किंवा एकीने दुसरीला वाकवलं, तर चौकट पिळलेली आहे. सुतळ्यांची जागा खाली-वर बदलून पुन्हा बघा. एका दमात सलग वेल्डिंग मारलं की असं होतं. एखाद-दोन मिमी असेल तर स्पंज सांभाळून घेईल. त्याहून जास्त असेल तर चौकटही नवी करा, आणि वेल्डिंग थोडं थोडं, समोरासमोर मारायला सांगा.

दार बसल्यावर चौकटीच्या कडेला खडू लावा, दार आवळून पुन्हा उघडा. गास्केटवर खडूची रेघ कुठे तुटते ते दिसेल.

रात्रपाळी
फॅब्रिकेटर म्हणतोय, लंबगोल भोकामुळे दार खाली लोंबेल.

पत्रेवाला
भोक फक्त आत-बाहेर लांब करायचं, उभ्या दिशेने नाही. वजन बिजागरीच्या खालच्या पाकळीवर टेकतं, तिथे एक वायसर टाका. दोन्ही बिजागऱ्या एकाच रेषेत आहेत का ते मात्र वेल्डिंगआधी लांब सळई घालून बघून घ्या.